देशांना मार्क देणारं ऑफिस

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. माळ्यावरच्या सामानासारखे ते आपोआप साठतात, आणि एक काढायला जावं तर चार अंगावर येतात. परवा लेकीने सहज विचारलं, "आई, तू तारनाक्याला नक्की काय काम करायचीस गं?"

मी म्हटलं, "देशांना मार्क द्यायचे."

तिला वाटलं मी थट्टा करतेय. थट्टा कसली! नव्वदीच्या दशकात, सगळं हैदराबाद कॉम्प्युटर शिकायला धावत होतं तेव्हा आम्ही पाच माणसं एका भाड्याच्या बंगल्यात बसून जगातल्या प्रत्येक देशाला लोकशाहीचे दहापैकी मार्क देत होतो. दरवर्षी द्यायचे, म्हणजे कोणता देश वर चढतोय आणि कोणता घसरतोय ते कळतं. प्रश्न अगदी साधे. निवडणूक खरी होते का? वर्तमानपत्रं मोकळी आहेत का? सरकारविरुद्ध बोललेला माणूस रात्री स्वतःच्या घरी झोपतो का?

हे सगळं ठरवणारी माणसं पाच, आणि त्या पाचांवर राज्य एकाचं!

ते एक म्हणजे आमचे डायरेक्टर, पाटणकर सर. मूळचे पुण्याचे. अर्धं आयुष्य हैदराबादेत काढूनही ज्यांच्या तोंडून कधी चुकून 'नक्को' निघालं नाही, असा माझ्या माहितीतला हा एकमेव माणूस. लोकशाहीवर बोलायला उभे राहिले की हॉल भारावून जायचा. आणि ऑफिसात? ऑफिसात पंखा किती नंबरवर ठेवायचा तेही सरच ठरवत!

सरांच्या खालोखाल जुन्या म्हणजे ललितक्का. जुन्या हैदराबाद संस्थानातलं नांदेडकडचं शेतकरी घराणं, आता काचीगुड्याला स्थायिक. मार्क देण्याची ही सगळी पद्धत मुळात अक्कांनी बसवलेली. सरांची मुदत कधीच संपली होती, पण दरवर्षी संस्थेच्या वार्षिक सभेत ती एका वर्षाने वाढायची. वाढली नाही तर नियमाने खुर्ची सर्वांत जुन्या माणसाला, म्हणजे अक्कांना. आणि अक्कांच्या रिटायरमेंटला आता फार दिवस उरले नव्हते.

बाकी बायका अशा बाबतीत 'मला काय करायचंय मेलं' म्हणतात. अक्का तसल्या नव्हत्या. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाल्या, "मला ती खुर्ची पाहिजे, हौ. त्यात लाजायचं कायकू?"

मला बाई त्या तिथेच आवडल्या.

०००

मी सरांसारखीच पुण्याची. नवऱ्याला इथे नोकरी लागली म्हणून आले. पुण्यात शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटीला बांधलेला विषय, मुलं तो ऑप्शनला टाकतात. त्या जोरावर मला जगातले देश तपासायला बसवलं!

माझ्या वाट्याला आलेला पहिलाच देश अगदी काठावर होता. कित्येक वर्षांनी पहिली निवडणूक झालेली, वर्तमानपत्रं नुकती बोलायला लागलेली, पण दोन-चार जिल्ह्यांत मतपेट्याच हरवलेल्या. सगळी बेरीज करून बिचारा थोडक्यात पास होत नव्हता. मी सवयीने एक ग्रेस मार्क दिला, वर शेराही मारला: 'प्रगती समाधानकारक. अजून प्रयत्न हवेत.'

अक्कांनी ते वाचलं. चष्मा काढला. "कुंदा, हा देश काय तुझा भाचा आहे?"

"अक्का, एका मार्कासाठी नापास होत होता हो!"

"अगं, पेट्या हरवल्या त्यांनी!"

"पहिलीच वेळ होती त्यांची."

आमचा आवाज ऐकून सर बाहेर आले. कागद हातात घेऊन उभ्या उभ्या निकाल दिला, "ग्रेस रद्द. शेरा मात्र राहू द्या. शेरा योग्य आहे."

पुढल्या वर्षी त्या देशात पुन्हा निवडणूक झाली. एकही पेटी हरवली नाही. सरकार पडलं, दुसरं आलं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तीन मार्क वाढले, एकही ग्रेसचा नाही! मी आबिड्सच्या बाजारातून पेढे आणले आणि ऑफिसभर वाटले. अक्कांनी एक तोंडात टाकला, एक पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "भाचा पास झाला वाटतं!"

०००

आमचे ग्रंथपाल इक्बालभाई. परदेशी वर्तमानपत्रं बोटीने यायची, म्हणजे बातमी आमच्यापर्यंत पोचेस्तोवर तिला दाढी फुटलेली असायची. आबिड्सच्या पोस्टातून ते गठ्ठे इक्बालभाई स्कूटरवर घालून आणत. त्यांच्याकडे एक छोटा रेडिओ होता आणि त्यावर ते जगभरच्या बातम्या ऐकत. सरांना ते मान्य नव्हतं. "रेडिओ हा पुरावा नव्हे. छापील काय ते दाखवा!"

एकदा एका देशावरून दिवसभर वाद झाला. शेवटी आठ मार्क ठरले. आठ म्हणजे डिस्टिंक्शन हो! सरांनी स्वतः शाईच्या पेनाने आकडा लिहायला घेतला. तेवढ्यात इक्बालभाई दारात येऊन उभे.

"सर, एक बात बोलूं?"

"नंतर."

"उस मुल्क का ही है सर..."

"इक्बालभाई, नंतर!"

सरांनी आठचा आकडा कोरला, खाली सही केली, वर टीपकागद दाबला. "हं, आता बोला."

"कुछ नहीं सर. उस मुल्क में सुबह फौज आ गई. रेडियो पे बस बैंड बज रा."

सर जागचे हलले नाहीत. "छापून आलंय का कुठे?"

"नहीं सर," इक्बालभाई म्हणाले, "छापनेवाले बी अंदर हो गए."

दुसऱ्या दिवसापासून शाई बंद. सगळ्यांना पेन्सिली आणि खोडरबर! पण एक सांगायलाच हवं. त्या वर्षांत आमची खोडरबरं झिजली ती जास्त करून मार्क वाढवताना. काय दिवस होते! जन्मात ज्यांनी मत दिलं नव्हतं अशी माणसं रांगा लावत होती. दोनचे सहा होत होते, सहाचे आठ. संध्याकाळी टेबलावर रबराचा भुगा पडलेला असायचा आणि आम्ही तो अभिमानाने झटकायचो.

०००

वाढणाऱ्या देशांचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता घसरणाऱ्यांचा.

फौज आली की काम सोपं. आठचा एक, विषय संपला. पण काही देश तसे पडत नाहीत. निवडणूक होते, फक्त विरोधकाला सभेला मैदान मिळत नाही. वर्तमानपत्र निघतं, पण त्याचा कागदाचा कोटा कमी होतो. सगळं जागच्या जागी दिसतं आणि तरी काहीतरी गेलेलं असतं. अशा देशाचं काय करायचं? अक्कांचं म्हणणं, अर्धा मार्क कापा. सरांचं म्हणणं, पूर्ण कापा नाहीतर काहीच कापू नका.

"अर्धा मार्क मिळणार नाही!"

"सर, मग असं करू," मी आपलं सुचवलं, "आपण पाच जण आहोत. मतदान घेऊ."

सर माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी बंगल्याला काडी लावायला निघालेय. "कुंदाताई, लोकशाहीचे मार्क कसे द्यायचे, हे मतदानाने ठरत नसतं!"

दुसऱ्या दिवशी अक्का येताना दह्याचे चार डबे घेऊन आल्या. सरांच्या टेबलावर ओळीने मांडले, पुढे चमचा ठेवला. सरांना दही जीव की प्राण.

"घ्या सर. पहिला डबा आजचा, शेवटचा चार दिवसांचा. कुठल्या डब्यापासून आंबट, तेवढं सांगा."

सरांनी पहिला चाखला. "हे उत्तम." दुसरा चाखला. "हेही चांगलं आहे." तिसरा चाखला आणि थांबले. पुन्हा दुसरा चाखला. पुन्हा तिसरा. "हे आंबट नाही म्हणता येणार. पण ते पहिलं होतं तसंही नाही."

"मग किती आंबट म्हणू?"

"जरासं."

"जरासं म्हणजे पूर्ण मार्क कापू?"

"छे! पूर्ण कशाला? अर्धा..."

सरांनी चौथा डबा पुढे ओढला, उगाच त्यात चमचा फिरवला, तोंड वाकडं केलं. मग म्हणाले, "ठीक आहे. अर्धा मार्क सुरू करा. पण पाव मार्क मागायला येऊ नका!"

त्या अर्ध्या मार्काने कमाल केली! पूर्वी ज्या देशांची रेघ वर्षानुवर्षं सपाट दिसायची, ती आता हळूच खाली कलताना दिसायला लागली, तीसुद्धा रणगाडा रस्त्यावर यायच्या कितीतरी आधी. बाहेरदेशीचे विद्वान 'हे कसं ओळखलंत' म्हणून विचारायला लागले. सर त्यांना ऐटीत सांगत, "आमची स्वतंत्र पद्धत आहे."

दह्याचं नाव काढायचे नाहीत!

०००

मग कॉम्प्युटर आला. देशाने दारं उघडली आणि त्या दारातून आमच्याकडे एक पांढरा डबा आला. त्याच्यासाठी मागची खोली रंगवली, ऑफिसातला पहिला एसी तिथे लागला. सरांनासुद्धा पंख्याखालीच बसावं लागे, कॉम्प्युटर मात्र थंड हवेत! नारळ फुटला. आमच्यातला पाचवा म्हणजे टायपिस्ट रमणा, तो आता कॉम्प्युटरवर नेमलेला; त्याने मॉनिटरला हळद-कुंकू लावलं. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, असा नियम झाला. जगातल्या सगळ्या देशांचे मार्क त्यात भरले आणि सरांनी खोलीला कुलूप लावलं. किल्ली एकच. ती सरांकडे.

रमणा रोज सकाळी सरांच्या दारात उभा. "सार, किल्ली." सर येऊन उघडून देत. सरांना पडसं झालं की त्या दिवशी जगाचे मार्क बंद!

एकदा बाहेरदेशीच्या एक नामांकित प्रोफेसरबाई आमची पद्धत बघायला आल्या. सरांनी तासभर इंग्रजीत सुंदर भाषण केलं. सत्ता एका हातात राहिली की ती कशी नासते. माहिती सर्वांना खुली कशी असली पाहिजे. बाई भराभर लिहून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुमचा डेटा बघता येईल का?"

"अर्थात! आमच्याकडे सगळं खुलं आहे!"

आम्ही सगळे वरात काढल्यासारखे मागच्या खोलीपाशी गेलो. चपला काढल्या. बाईंनीही बूट काढले. दाराला हे भलंमोठं कुलूप.

सर थबकले. एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. मग भिंतीकडे तोंड केलं आणि सफारीची वरची दोन बटणं काढायला लागले. बाई दचकून एक पाऊल मागे सरकल्या. सरांनी गळ्याशी हात घालून जानवं बाहेर ओढलं. त्याला किल्ली बांधलेली! गाठ काही सुटेना. शेवटी सर गुडघ्यांत वाकले, किल्ली जानव्यासकट कुलपाला लावली आणि तसेच दाराला चिकटून फिरवायला लागले.

बाईंनी हळू आवाजात इक्बालभाईंना विचारलं, "ही काही सिक्युरिटी सिस्टिम आहे का?"

इक्बालभाईंनी इतक्या अदबीने मान लववली की काय सांगू. "यस मॅडम. व्हेरी ओल्ड सिस्टिम."

अक्का त्या दिवशी हसल्या नाहीत. संध्याकाळी बसस्टॉपवर मला म्हणाल्या, "मी डायरेक्टर झाले ना, पहिल्या दिवशी त्या दाराचं कुलूप काढून टाकते बघ." मला हसू येत होतं ते तिथेच विरलं. जन्मभर उभं केलेलं काम, आणि ते बघायला दुसऱ्याची बटणं सुटायची वाट पाहायची!

०००

सरांच्या घरी संक्रांतीला तिळगूळ घ्यायला जायचो. वहिनी फार मिश्कील. एकदा रमणाने धीर करून विचारलं, "अम्मा, आपके घर को कितने मार्क?"

वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे पूर्ण लोकशाही हो! रोज सकाळी भाजीवर मतदान होतं. ह्यांना मत आहे, मुलांना मत आहे, मोलकरणीलासुद्धा आहे."

"और आपको?"

"मला कशाला? भाजी मी करते ना!"

सर वर्तमानपत्राच्या आडून एवढंच म्हणाले, "आज पुन्हा दोडका आहे."

०००

आता डॅनियलचं सांगते. विद्यापीठात आफ्रिकेतली बरीच मुलं शिकायला असत, तारनाक्याला खोल्या घेऊन राहत. त्यातला हा एक, उंचच्या उंच, सगळा वेळ शर्ट इनमध्ये. कुणीतरी त्याला सांगितलं की या बंगल्यात तुझ्या देशाला दोन मार्क दिलेत. तो तडक आला.

"सर, माय कंट्री. टू मार्क्स. कायकू?"

तोही आमच्या हैदराबादचाच झाला होता!

सर म्हणाले, "रिव्हॅल्युएशन होत नाही."

डॅनियल हलेना. खिशातून आईचं पत्र काढलं आणि उभ्याउभ्या वाचायला लागला. त्याच्या आईने आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं होतं. पहाटे रांगेत उभी राहिली, दुपारी उन्हात चक्कर आली, बायकांनी तिला झाडाखाली बसवलं आणि तिची जागा धरून ठेवली. पुढे तिने लिहिलं होतं, बोटाला शाई लावली आहे ती पुसली जाऊ नये म्हणून भांडी मी डाव्या हाताने घासतेय. एवढं वाचून डॅनियलने पत्राची घडी घातली. सर खिडकीबाहेर बघत होते.

"आमची वर्तमानपत्रं अजून आली नाहीत," सर म्हणाले, "छापील पुरावा..."

"सर," अक्का म्हणाल्या, "त्या बाईच्या बोटावर छापलंय की."

सरांनी स्वतः खोडरबर उचललं. दोनचे पाच केले!

डॅनियल त्या दिवशी सगळ्यांना इराण्याकडे घेऊन गेला आणि चहा पाजला. पुढे येता-जाता डोकवायचा, "माझा देश बरा आहे ना?" असं विचारून जायचा. मग मध्ये बरेच महिने आला नाही. आला तो एकदम वर्षाने. बसायला सांगितलं तरी बसला नाही.

"सर, माझ्या देशाचे मार्क कमी करा."

आम्ही चमकलो. त्या देशाची काहीच वाईट बातमी आमच्याकडे नव्हती. निवडणूक झाली होती, सरकार होतं.

"आईची पत्रं उघडून येतायत," डॅनियल म्हणाला. "आणि ती आता फक्त हवापाण्याचं लिहिते."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अरे, तुझाच देश आहे. राहू दे ना पाच."

"नो मॅडम. खोटे मार्क आमच्या काय कामाचे? जेव्हा वाढतील तेव्हा मी परत येईन. तेव्हा खरे द्या."

अक्कांनी अर्धा मार्क कापला. त्याने वाकून तो आकडा पाहिला, सगळ्यांशी हात मिळवला आणि गेला. शिक्षण संपवून मायदेशी परतला. पुढे काही वर्षांनी ऑफिसच्या पत्त्यावर एक फोटो आला. मागे काही लिहिलेलं नाही. फोटोत डॅनियल आणि एक म्हातारी बाई, दोघांनी शाईची बोटं कॅमेऱ्यापुढे धरलेली!

पेढे आणायला मी आबिड्सला पळत गेले.

०००

आणि आता वार्षिक सभा. आबिड्सच्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर व्हायची. सभासद म्हणजे निवृत्त प्रोफेसर, दोन-तीन वकील, काही जुने तेलुगू आणि मराठी शिक्षक, शिवाय आम्ही ऑफिसातले. सगळी सज्जन माणसं. घडीच्या खुर्च्या, पुढे टेबल नाही. सर सुरुवातीलाच अभिमानाने सांगत, "माझ्या कारकिर्दीत या संस्थेत एकही निर्णय मतभेदाने झालेला नाही. एकमत ही आमची परंपरा आहे!"

ही परंपरा कशी चालायची ते सांगते. मुदतवाढीचा विषय नेहमी शेवटचा. त्याच्या बरोबर आधी चहा यायचा. एका हातात कप, दुसऱ्या हातात मिरची बज्जीची बशी. सगळ्यांचे हात असे भरले की सर उभे राहत. "संचालकांना एक वर्षाची मुदतवाढ. विरोध असेल त्यांनी हात वर करावा."

आता करा हात वर! कुठला करणार? बज्जी सोडायची की चहा सांडायचा? सर हॉलभर नजर फिरवत. "कुणीही नाही. एकमताने मंजूर."

सर हे मुद्दाम करत होते का? देव जाणे. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

अक्कांची ती शेवटची सभा. पुढच्या सभेच्या आधीच त्या रिटायर होणार होत्या. आता नाही तर कधीच नाही. आधीचा महिनाभर मी त्यांना माझ्या स्कूटीवर मागे बसवून सभासदांच्या घरोघरी फिरवलं. सगळीकडे एकच उत्तर. "अक्का, हक्क तुमचाच आहे. काम तुमचं आहे. पण सरांच्या तोंडावर हात कसा वर करायचा?"

अक्का शांतपणे म्हणत, "हात नक्को वर करू तुम्ही. फक्त चहा आला की कप-बशी खाली ठेवा."

"एवढंच?"

"हौ, एवढंच."

एवढ्याला कोण नाही म्हणणार? सगळे हो म्हणाले. परत येताना मी विचारलं, "अक्का, कप खाली ठेवून काय होणार?"

"कुंदा, ह्या माणसांना भीती नाही गं. संकोच आहे. आणि संकोचाला धरायला कप लई बरा पडतो."

सभेचा दिवस उजाडला. अहवाल झाला, हिशेब झाला. मी सरांच्या शेजारी बसून सभेचं इतिवृत्त लिहीत होते, पण अक्षर माझं मलाच लागत नव्हतं. चहा आला, बज्ज्या आल्या. सर आपला कप घेऊन उभे राहिले.

"संचालकांना एक वर्षाची मुदतवाढ. विरोध असेल त्यांनी हात वर करावा."

मग पहिल्या रांगेतून 'टक्' असा आवाज झाला. अक्कांनी कप खुर्चीखाली ठेवला होता. मागून दुसरा आवाज आला. मग तिसरा. मग सगळ्या हॉलभर टक् टक् टक्, कप आणि बश्या खाली टेकत गेल्या. वचन दिलं होतं ना, पाळलं! आता सगळी माणसं रिकामे हात मांडीवर घेऊन बसलेली, आणि त्या हातांचं काय करायचं हे कुणालाच सुचेना.

अक्कांचा हात वर गेला. सरळ, कोपरात न वाकता.

माझा गेला. इक्बालभाईंचा गेला. रमणाचा गेला. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या वकिलांनी एकदा आपल्या हाताकडे पाहिलं, एकदा सरांकडे, आणि मान खाली घालून हात वर केला. मग थांबलंच नाही. रांगांमागून रांगा हात वर! सगळा हॉल! अक्का समोर बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात खाली आला नाही.

सर बघत राहिले. पहिली रांग, दुसरी, तिसरी, पार दारापर्यंत. खाली असलेला एकही हात दिसतो का, ते शोधत होते. नव्हता. सगळ्या हॉलमध्ये कप धरलेला माणूस एकच उरला होता.

सरांनी सावकाश वाकून आपला कप खुर्चीखाली ठेवला. सरळ उभे राहिले. सफारी नीट केली. आणि उजवा हात वर केला.

"कुंदाताई," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "लिहून घ्या. मुदतवाढीचा ठराव एकमताने नामंजूर!"